नद्यांना देशाचे मार्ग मानणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर

जबलपूर : जबलपूर शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर नर्मदेवर बरगी धरण उभे आहे. नर्मदेवरील मोठ्या धरणांपैकी सर्वांत आधी पूर्ण झालेल्या धरणांमध्ये त्याची गणना होते. या धरणाच्या कल्पनेचा उगम शोधत गेल्यास १९४५ मध्ये स्थापन झालेल्या एका केंद्रीय संस्थेपर्यंत पोहोचता येते. केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग हे तिचे नाव होते. ही संस्था ज्या खात्याने स्थापन केली, त्या श्रम खात्याची जबाबदारी तेव्हा डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्याकडे होती.

राज्यघटनेचे शिल्पकार आणि सामाजिक समतेच्या लढ्याचे नेते म्हणून बाबासाहेब सर्वांना परिचित आहेत. देशाच्या जलनीतीची पायाभरणी करणारे प्रशासक ही त्यांची ओळख मात्र तुलनेने मागे राहिली. त्यातही नदी हा माल वाहून नेणारा मार्ग आहे आणि धरण बांधतानाच त्या मार्गाचा विचार झाला पाहिजे, हा त्यांच्या जलनीतीचा भाग आज फारसा स्मरणात नाही. आयोगाच्या नावातील जलमार्ग आणि नौकानयन हे शब्द त्या विचाराची साक्ष देतात.

पाण्याने शिकवलेला पहिला धडा

डॉ. आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. कुटुंबाचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. महू हे विंध्य पर्वताच्या माथ्यावर, जलविभाजकाजवळ आहे. तेथील उत्तर उतारावरचे पाणी चंबळ व यमुनेवाटे गंगेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळते, तर दक्षिण उतारावरचे नर्मदेवाटे अरबी समुद्राला. एकाच नदीखोऱ्यात अनेक प्रांत येतात आणि एकाच प्रांतात अनेक नदीखोरी, हा भूगोल पुढे त्यांच्या प्रशासकीय कामाचा केंद्रबिंदू ठरला.

वडिलांच्या निवृत्तीनंतर कुटुंब प्रथम दापोलीला आणि नंतर साताऱ्याला आले. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळे बसावे लागे आणि पाण्याच्या नळाला हात लावण्याची मुभा नसे. १९०१ च्या सुमारास वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना रोजगार मिळावा म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. वडिलांना भेटण्यासाठी भीमराव कुटुंबातील इतर मुलांसह मसूर स्थानकावर उतरून बैलगाडीने निघाले. जात कळल्यावर त्या संपूर्ण प्रवासात मुलांना कोणी पिण्याचे पाणी दिले नाही. पुढे त्यांनी हा प्रसंग आत्मकथनपर लेखनात नोंदवून ठेवला. दुष्काळात पाणी साठवण्याचे काम सुरू होते आणि त्याच वाटेवर तहानलेल्या मुलांना पाणी मिळत नव्हते. पाण्याची टंचाई निसर्गामुळे किती आणि माणसांच्या व्यवस्थेमुळे किती, हा प्रश्न त्यांना असा लहानपणीच भेटला.

अर्थशास्त्राची बैठक

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे आणि नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी अर्थशास्त्राचा सखोल अभ्यास केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, शिक्षण अर्धवट ठेवून ते भारतात परतले. त्यांची पुस्तके आणि सामान घेऊन येणारे जहाज जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. काही वर्षांनी ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. ही पदवी मिळवली.

जलनीतीच्या दृष्टीने त्यांचा दुसरा ग्रंथ अधिक महत्त्वाचा ठरतो. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्र आणि प्रांत यांच्यात अधिकारांची व पैशांची वाटणी कशी होते, खर्चाचा भार कोणावर पडतो आणि लाभ कोणाला मिळतो, याचे विश्लेषण त्यात आहे. दोन दशकांनंतर एकाच नदीवर हक्क सांगणाऱ्या प्रांतांना एका मेजावर बसवताना हाच अभ्यास त्यांच्या उपयोगी आला.

महाडचा जलप्रवास

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी सार्वजनिक पाण्यावरील हक्क बजावला. या सत्याग्रहाचा इतिहास सर्वज्ञात आहे. महाड हे सावित्री नदीच्या काठावरील जुने व्यापारी गाव असून खाडीमार्गे तेथपर्यंत गलबतांची ये-जा होत असे, ही त्यामागील भौगोलिक पार्श्वभूमी मात्र क्वचितच सांगितली जाते. त्याच वर्षी डिसेंबरमधील दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून आगबोटीने निघाले, सावित्रीच्या खाडीतील दासगाव येथे उतरले आणि तेथून महाडला गेले. त्या काळी कोकणात रेल्वे नव्हती आणि घाटरस्ते तुटपुंजे होते. माणसे आणि माल यांची वाहतूक मोठ्या प्रमाणात समुद्र व खाड्यांतून होई. जलमार्ग हा त्यांच्यासाठी केवळ ग्रंथातला विषय नव्हता, त्यांनी तो वापरला होता.

चवदार तळ्याचा न्यायालयीन लढा दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाचा तळ्यावरील हक्क मान्य केला.

श्रम खात्यातील चार वर्षे

जुलै १९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम सदस्य झाले आणि १९४६ च्या मध्यापर्यंत या पदावर राहिले. खात्याच्या नावावरून त्याची व्याप्ती लक्षात येत नाही. कामगारांच्या प्रश्नांबरोबरच सार्वजनिक बांधकाम, खाणी, वीज आणि सिंचन हे विषयही त्याच खात्याकडे होते. युद्धोत्तर पुनर्रचनेच्या नियोजनात सार्वजनिक बांधकाम आणि वीज या विषयांच्या धोरण समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

अडचण घटनात्मक होती. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने पाणीपुरवठा, सिंचन, कालवे, जलसाठे आणि जलशक्ती हे विषय प्रांतांकडे सोपवले होते. त्यामुळे दोन किंवा तीन प्रांतांतून वाहणाऱ्या नदीचा एकत्रित विचार करणारी यंत्रणाच देशात नव्हती. वरच्या प्रांताने धरण बांधायचे तर त्याला पुराची झळ बसत नसे, आणि ज्या खालच्या प्रांतात पूर येई, त्याच्याकडे धरणाची जागा नसे.

जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीला आलेल्या पुराने ही उणीव उघडी पाडली. बंगालमध्ये बांध फुटला, रेल्वेमार्ग तुटला आणि ऐन युद्धकाळात कोलकात्याची वाहतूक विस्कळीत झाली. दामोदरचा वरचा भाग बिहारमध्ये होता आणि नुकसान बंगालमध्ये होत होते. ३ जानेवारी १९४५ रोजी कोलकाता येथे दोन्ही प्रांत आणि केंद्र यांची परिषद डॉ. आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली झाली. अमेरिकेत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचा नमुना समोर होता. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि नौकानयन ही सर्व उद्दिष्टे एकाच योजनेत गुंफणारी बहुउद्देशीय पद्धत येथे स्वीकारली गेली. त्यातून पुढे ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले.

या कामासाठी तांत्रिक बळ हवे होते. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि ५ एप्रिल १९४५ रोजी केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. अभियंता अयोध्यानाथ खोसला त्याचे पहिले अध्यक्ष झाले. योगायोगाने ५ एप्रिल ही तारीख भारतीय नौवहनाच्या इतिहासातही महत्त्वाची आहे. १९१९ मध्ये याच दिवशी वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंधिया कंपनीचे लॉयल्टी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले होते. त्या स्मरणार्थ हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

या धोरणाचे श्रेय एकट्या व्यक्तीचे नाही. मेघनाद साहा यांनी नदीविज्ञानाचा आग्रह वर्षानुवर्षे धरला होता, टेनेसी खोऱ्याचा अनुभव असलेले अभियंता व्हुर्डुइन यांनी दामोदरचा प्राथमिक आराखडा केला आणि खोसला यांनी आयोग उभा केला. प्रांतांना एकत्र आणणे, केंद्राची भूमिका ठरवणे आणि या तज्ज्ञांच्या कामाला धोरणाचे रूप देणे ही कामगिरी डॉ. आंबेडकर यांची होती. केंद्रीय जल आयोगाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनपर प्रकाशनाने तिची सविस्तर दखल घेतली.

रेल्वेने हरवलेले कालवे

८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओडिशातील नद्यांच्या विकासाविषयी झालेल्या परिषदेत डॉ. आंबेडकर यांनी आपली भूमिका सर्वाधिक स्पष्टपणे मांडली. जास्तीचे पाणी म्हणजे संकट आणि ते लवकरात लवकर समुद्रात सोडून द्यावे, ही पूर समित्यांची जुनी धारणा त्यांनी नाकारली. पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावाने माणसाचे अधिक नुकसान होते, म्हणून पाणी ही साठवून वापरायची संपत्ती आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

याच भाषणात त्यांनी अंतर्गत जलवाहतुकीचा इतिहास मांडला. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात सार्वजनिक कामांमध्ये जलमार्गांना मानाचे स्थान होते. पुढे रेल्वे आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कालवे की रेल्वे, असा मोठा वाद झाला. गोदावरी व कृष्णेच्या मुखाकडील प्रदेशात सिंचनाची कामे करणारे अभियंता सर आर्थर कॉटन यांनी कालव्यांची बाजू लढवली, पण रेल्वेसमर्थकांचा विजय झाला. जर्मनी व रशियाचा दाखला देऊन डॉ. आंबेडकर यांनी दाखवून दिले की रेल्वे असतानाही जलमार्ग टिकू आणि वाढू शकतात.

या वादाचा एक साक्षीदार जबलपूर आहे. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि कोलकात्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे येथेच जोडली गेली. देशाच्या पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यांवरील दोन सर्वांत मोठी बंदरे या शहरातून एकमेकांशी सांधली गेली. काही महिन्यांपूर्वीच, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुएझ कालवा खुला झाला होता. मध्य भारतातील माल थेट बंदराकडे आणि तेथून युरोपकडे वळू लागला. बंदराचे बळ धक्क्यावर नसून त्याच्या मागे पसरलेल्या मुलखाच्या वाहतुकीत असते, हे जबलपूरच्या उदाहरणावरून समजते. रेल्वेने ते बळ दिले, पण नद्यांकडे पाठ फिरली.

नर्मदा आणि जबलपूर

१९४६ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड सरकार आणि मुंबई सरकार यांनी नर्मदेच्या संपूर्ण खोऱ्याची पाहणी करण्याची विनंती नव्या आयोगाला केली. जबलपूर तेव्हा नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होते. हिंदी आणि मराठी जिल्हे एकाच प्रशासनाखाली होते. त्याआधी १८१७-१८ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पाहणीची उद्दिष्टे चार होती : पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि नौकानयनाचा विस्तार. १९४८ मध्ये खोसला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तवा, बरगी, पुनासा आणि भरूच या चार प्रकल्पांना प्राधान्य द्यावे अशी शिफारस केली. डॉ. आंबेडकर तोपर्यंत श्रम खात्यातून बाहेर पडले होते, पण एका नदीचे संपूर्ण खोरे हे नियोजनाचे एकक मानण्याची त्यांच्या काळात रुजलेली पद्धत नर्मदेलाही लागू झाली.

नर्मदेवर नौकानयन सोपे नव्हते. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीच्या मुखाशी भरूच हे प्राचीन बंदर आहे. जबलपूरजवळ मात्र भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांतून आणि धुवांधार धबधब्यावरून ती कोसळते. पुढेही दऱ्या आणि खडकाळ उतार लागतात. अशा नदीवर सलग वाहतूक हवी असेल तर धरणांनी पाण्याची पातळी उचलावी लागते आणि प्रत्येक धरणाजवळ नौका वर-खाली नेणारी बंदिस्त दारांची रचना, ज्याला लॉक म्हणतात, बांधावी लागते. हा खर्च धरणाच्या मूळ आराखड्यातच धरावा लागतो. एकदा भिंत उभी राहिल्यावर तो मार्ग खुला करणे अतिशय कठीण होते.

प्रत्यक्षात राज्यांमधील वादामुळे काम रखडले. १९६९ मध्ये नर्मदा जलविवाद लवाद नेमला गेला आणि त्याचा निवाडा १९७९ मध्ये आला. बरगीचे काम १९७० च्या दशकात सुरू होऊन १९९० पर्यंत पूर्ण झाले. येथे ९० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे आणि कालव्यांमधून शेतीला पाणी मिळते. त्याची किंमतही मोठी होती. जबलपूर, मंडला आणि शिवनी जिल्ह्यांतील १६२ गावे या प्रकल्पाने बाधित झाली आणि विस्थापितांमध्ये आदिवासी कुटुंबांची संख्या मोठी होती. पाणी कोणाला मिळते आणि त्यासाठी कोण गमावते, हा गोरेगावच्या वाटेवर आणि महाडच्या तळ्यावर उभा राहिलेला प्रश्न येथे वेगळ्या रूपात पुढे आला. चार उद्दिष्टांपैकी वीज आणि सिंचन साध्य झाले. नौकानयन मात्र मागे पडले. नर्मदेवरील मोठ्या धरणांमध्ये नौकांसाठी लॉक बांधले गेले नाहीत.

घटनेतील जलमार्ग आणि बंदरे

१९४६ मध्ये डॉ. आंबेडकर बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले आणि फाळणीनंतर मुंबईतून पुन्हा सभेत आले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी ते मसुदा समितीचे सदस्य म्हणून नियुक्त झाले आणि लगेचच तिचे अध्यक्ष झाले. ९ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी आंतरराज्य नद्यांच्या पाण्यावरील तंट्यांसाठी स्वतंत्र तरतूद सभेपुढे मांडली. तीच आज अनुच्छेद २६२ म्हणून ओळखली जाते.

अधिकारांच्या वाटणीत जलमार्ग आणि बंदरे यांनाही निश्चित स्थान मिळाले. संसदेने राष्ट्रीय म्हणून घोषित केलेल्या जलमार्गांवरील यांत्रिक नौकांची वाहतूक, सागरी नौवहन, महाबंदरे आणि आंतरराज्य नद्यांचे नियमन हे विषय संघसूचीत आले. लहान बंदरे समवर्ती सूचीत गेली. पाणी आणि सिंचन राज्यांकडे राहिले, पण आंतरराज्य नद्यांविषयीच्या केंद्राच्या अधिकाराच्या अधीन. यातील काही रचना १९३५ च्या कायद्यातून आली होती. आंतरराज्य नद्यांच्या विकासाबाबत केंद्राला दिलेला अधिकार मात्र श्रम खात्यातील अनुभवाशी जवळून जोडलेला दिसतो.

नावातून गळलेला शब्द

सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकर यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी आयोगाची पुनर्रचना होऊन तो केंद्रीय जल व वीज आयोग झाला. जलमार्ग आणि नौकानयन हे शब्द नावातून गेले आणि कामाच्या प्राधान्यक्रमातूनही हळूहळू मागे सरले. दामोदर योजनेत दुर्गापूर ते हुगळी असा सुमारे १३७ किलोमीटरचा नौकानयनयोग्य कालवा बांधला गेला, परंतु कोळसा वाहून नेण्याचा नियमित मार्ग म्हणून तो टिकला नाही. महानदीवरील हिराकूड धरणाचे उद्घाटन जानेवारी १९५७ मध्ये झाले. त्यातूनही प्रामुख्याने पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज हेच लाभ मिळाले.

१९५६ मध्ये संसदेने नदी मंडळ कायदा आणि आंतरराज्य जलविवाद कायदा मंजूर केले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १ नोव्हेंबरच्या राज्यपुनर्रचनेत जबलपूर नव्या मध्य प्रदेशात गेले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत डॉ. आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत दादर चौपाटीवर त्यांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार करण्यात आले.

जलमार्गांचा विषय देशाच्या धोरणात परतण्यास तीन दशके लागली. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण १९८६ मध्ये स्थापन झाले आणि त्याच वर्षी अलाहाबाद ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा मार्ग पहिला राष्ट्रीय जलमार्ग ठरला. २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली. त्याच वर्षी बाबासाहेबांची जयंती, १४ एप्रिल, जल दिवस म्हणून पाळण्याचा निर्णय केंद्राने घेतला. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोलकात्याहून निघालेले १६ कंटेनर गंगेतून वाराणसीला पोहोचले.

नर्मदा या यादीत राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७३ म्हणून समाविष्ट आहे, परंतु खंबातच्या आखातापासून वरचा २२६ किलोमीटरचा पट्टाच त्यात येतो. जबलपूर त्याच्या कितीतरी वर आहे. बरगीच्या जलाशयात मासेमारांच्या आणि पर्यटकांच्या नौका फिरतात, व्यापाराचा माल मात्र आजही रेल्वे आणि रस्त्यानेच बंदरांकडे जातो. यापुढे देशात कोणत्याही नदीवर धरण किंवा बंधारा उभारताना पाण्याबरोबर वाटेचाही हिशेब सुरुवातीलाच मांडला जातो का आणि त्यासाठी उठवल्या जाणाऱ्या माणसांना त्यात स्थान मिळते का, यावरच १९४५ मधील ते अपुरे काम किती पुढे गेले हे ठरणार आहे.